अनोळखी माणूस म्हणजे चोरच काय?

कल्याण-डोंबिवलीत एखाद्या वस्तीत दोन घरफोड्या झाल्या की लगेच सोसायटीची मिटिंग भरते. गेटवर वही ठेवायची, रात्री पाळीने जागायचे असे ठरते. त्यात गैर काही नाही. पण त्याच मिटिंगमध्ये कोणीतरी म्हणतो, "भंगारवाले, गोसावी, बहुरूपी यांना आत सोडू नका." माना डोलतात. आपल्या लोकांच्याही डोलतात, हे मी पाहिले आहे.

दुसऱ्याचे कशाला? मागच्या पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली मळक्या कपड्यांतला एक माणूस टपालपेट्यांवरची नावे वाचत उभा होता. मी ओरडलो, "कोण रे तू?" तो जमिनीचे कागद घेऊन वकील शोधत आला होता, आणि तो वकील मीच! अंगात इस्त्रीचा शर्ट असता तर मी "कोण पाहिजे आपल्याला?" असेच विचारले असते. हा 'रे' मला कोणी शिकवला? परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्याच्या पारशी धर्मशाळेत काठ्या घेतलेल्या जमावाने हाच प्रश्न केला होता, तू कोण?

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मालाच गुन्हा ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरीही १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली ही माणसे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. मारणारे कोणी शेठजी-भटजी नव्हते, गोरगरीब आदिवासीच होते, हे आपण चळवळीतल्यांनी गिळून टाकू नये. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांदेखत मारले गेले, तेही अशाच अफवेपायी. हा पालघर जिल्हा २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता.

वकील म्हणून सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य नागरिकाला कोणाला पकडता येते, पण त्याच्यासमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला तरच. (फरारी घोषित गुन्हेगाराची गोष्ट वेगळी.) पकडलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. मारहाणीचा अधिकार कोणालाच नाही. कुलूप तोडताना दिसला तर ११२ फिरवा. पण खांद्यावर झोळी आहे, बोली वेगळी आहे, लहान मुलाशी बोलला, एवढ्यावरून कोणत्याही न्यायालयात हेतू सिद्ध होत नाही. मग तो आपल्या जिन्यात कसा सिद्ध होतो?

आमच्या गेटवरच्या पाटीवर 'भिकारी, गोसावी यांना मज्जाव' असे लिहिले आहे. ती ओळ पुसावी असा अर्ज मी दिला आहे. अजून त्यावर माझ्याशिवाय एकाचीही सही नाही.