धरणाची पातळी १३० मीटर म्हणजे पाणी किती?



नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात येतात. तिथल्या पाड्यांवर बैठकीला गेले की एक प्रश्न हमखास येतो : "ताई, पातळी १३० मीटर सांगितली. म्हणजे पाणी किती खोल?" आपल्यासारख्या हितचिंतकांनाही हा प्रश्न पडत असेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

हा आकडा खोलीचा नाही. समुद्रसपाटीपासून पाण्याचा पृष्ठभाग किती उंचीवर आहे, ते तो सांगतो. धरणाची उंची म्हणून १६३ मीटर हा आकडा ऐकू येतो, तो सर्वांत खोल पायापासून मोजलेला आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

तीन आकडे लक्षात ठेवावेत. १३८.६८ मीटर म्हणजे पूर्ण संचय पातळी. सरोवर इथपर्यंत भरायचे असते. १४०.२१ मीटर ही मोठ्या पुरासाठी धरलेली सर्वोच्च पातळी. ११०.६४ मीटर ही नेहमीच्या वापराची किमान पातळी. भरलेल्या आणि उतरलेल्या सरोवरात साधारण २८ मीटरांचा, म्हणजे नऊ मजली इमारतीएवढा फरक पडू शकतो. धरणाच्या सांडव्याचा माथा १२१.९२ मीटरवर आहे. त्यावरच्या ३० दरवाज्यांमुळे आणखी जवळजवळ १७ मीटर पाणी अडते. हे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सरोवर प्रथमच काठोकाठ भरले.

आता शेताचा हिशेब. पातळी एक मीटर वाढली, तर उभ्या कड्यावर पाणी दोन-चार पावलेच सरकते. पण वीस मीटरला एक मीटर उतार असलेल्या शेतात ते वीस मीटर आत येते. म्हणूनच एकाच दिवशी एका घराला काहीच होत नाही आणि शेजाऱ्याचे पीक पाण्याखाली जाते.

"आमच्याकडे ऊन पडले आहे, मग पाणी का चढते?" हाही नेहमीचा प्रश्न. नर्मदेचे पाणी मुख्यतः मध्य प्रदेशातून येते. तिथे पाऊस झाला, किंवा इंदिरा सागर व ओंकारेश्वर धरणांतून पाणी सोडले, की आपल्या काठावर पाणी वाढते. पातळी जितकी उंच, तितक्याच पाण्यातून वीज जास्त मिळते. म्हणून पावसाळ्याच्या शेवटी सरोवर भरून घेतात. पुढे वीज, कालवे आणि पिण्याच्या पाण्यासाठी वापर होत पातळी उन्हाळ्यापर्यंत उतरत जाते. इथली वीजनिर्मिती क्षमता १,४५० मेगावॉट असून विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. आपल्या घरातील दिव्याचा आणि त्या बुडालेल्या शेतांचा असा संबंध आहे.

पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर काही कुटुंबे गाळपेर करतात. पेरणी कुठपर्यंत करावी, हे पातळीवर ठरते. म्हणून आम्ही पाड्यांवर सांगतो : पातळीचा आकडा कळला की त्याच दिवशी पाण्याच्या रेषेजवळच्या खडकावर चुन्याने खूण करा आणि आकडा लिहा. दोन-तीन वर्षांत आपलीच मोजपट्टी तयार होईल. पाणी उतरताना बुडालेल्या झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात, तेव्हा होडी सावकाश न्या आणि माणसे जास्त भरू नका. ओल्या गाळात गुरे रुततात, मुलांना तिकडे सोडू नका. गरोदर बाई वा आजारी माणूस असेल, तर पाणी चढण्याआधीच दवाखान्याची सोय ठरवा.

योसेफाने सुकाळात कोठारे भरली, ती दुष्काळात सर्वांचे पोट भरावे म्हणून. सरोवर हेही एक कोठारच आहे. पण त्यासाठी ज्यांनी जमीन दिली, त्यांच्या ताटात काय पडले, हे विचारणे आपले ख्रिस्ती कर्तव्य आहे.

पुनर्वसनाच्या प्रतीक्षेत असलेली कुटुंबे, होडीने शाळेत जाणारी मुले आणि पाड्यांवर फिरणारे आमचे कार्यकर्ते यांना आपल्या प्रार्थनेत जरूर आठवा.