ऋषिपंचमीची भाजी

भाद्रपद शुद्ध पंचमी. आदल्या दिवशी श्रीगजाननाला मोदकांचा नैवेद्य झालेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याच घरात तेलाच्या थेंबावाचून, फोडणीवाचून शिजणारी भाजी चुलीवर चढते. सप्तर्षी आणि अरुंधती यांच्या पूजनाचा हा दिवस. बैलाच्या श्रमाचे अन्न आज वर्ज्य. पोळ्याला ज्याची पूजा केली, त्याला पाचच दिवसांनी आपल्या पानातूनही विश्रांती द्यावी, ही कल्पना आम्हांला फार गोड वाटते.

भिवंडीच्या बाजारात या सुमारास अळू, सुरण, लाल माठाचे जाड देठ, परसातली शिराळी, पडवळ, मक्याची कणसे आणि आंबाडे यांचे ढीग लागतात. सुरण व देठ तळाशी, वर कणसांचे तुकडे, मग चिरलेले अळू. मीठ, हिरवी मिरची, ओले खोबरे. आंबाडा मात्र विसरता कामा नये. अळूत व सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. घसा खवखवतो तो त्यांच्यामुळे. आंबटाची साथ आणि मनसोक्त शिजवणे हाच त्यावर उपाय. घाईच्या स्वयंपाकात जेवणाऱ्यांना ऋषींचे स्मरण वेगळ्याच कारणाने होते!

दूर जपानातही ७ जानेवारीला सात कोवळ्या रानपाल्यांची तांदळाची पेज आरोग्यासाठी खातात. नववर्षाच्या जड जेवणानंतर पोटाला विसावा, हा हेतू तेथेही आहेच.

व्रतकथेतील रजोदोषाचा भाग मागे पडला तरी आमची हरकत नाही. भाजी मागे पडू नये. आता शेतात ट्रॅक्टर फिरतो, मग नांगरटीचा भात का चालू नये, असे घरातील तरुण मंडळी विचारतात. शब्दाला धरून त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. पण जे न नांगरता, न पेरता मिळते, त्याची वर्षातून एकदा ओळख ठेवावी, एवढा अर्थ तरी या दंडकात आहेच.

देवभात हे त्याचे उत्तम उदाहरण. पाणथळ जागी आपोआप उगवणारे हे तांबडे भात. दाणा पिकताच गळून पाण्यात पडतो आणि पुढल्या पावसात तोच रुजतो. भिवंडीभोवती काल्हेर, राहनाळ, पूर्णा, माणकोली या बाजूंस आज गोदामांच्या रांगा आहेत. भरावाखाली तळे गेले की त्या भाताचे बियाणेही तेथेच गाडले जाते. मग पंचमीला पानात वरीचे तांदूळ वाढतात.