श्वासनलिकेंतील जागल्ये



गुढीपाडव्याच्या सकाळीं आमच्या बीडकडे कडुनिंबाचीं कोवळीं पानें गुळाबरोबर वाटून प्रत्येकाच्या हातावर ठेवतात, आणि पोरें तोंड वांकडें करतात. याचें कारण जिभेवरील कटुरसाचे ग्राहक. मनुष्याच्या ठायीं ते सुमारें 25 प्रकारचे आहेत. निसर्गांतील पुष्कळ विषें कडू असतात. तेव्हां हे ग्राहक म्हणजे मुखाच्या वेशीवर बसविलेले जागल्येच होत.

नवल असें कीं, श्वासमार्गांतहि त्यांचा पहारा आहे. श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिसूक्ष्म तंतु असतात. ते एकसारखे हलून कफ व धूळ वर लोटतात. या तंतूंवर असे ग्राहक असून कडू पदार्थ लागतांच त्यांची हालचाल वाढते, असें 2009 सालीं अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत आढळलें. 2012 सालीं नाकाविषयीं असेंच कळलें. कांहीं जंतु परस्परांस रासायनिक संदेश धाडतात. ते तेथील एका ग्राहकास ओळखूं येतात, आणि पेशी जंतुनाशक नायट्रिक ऑक्साइड वायु सोडतात. चोरांची कुजबुज ऐकूनच जागल्यानें हाळी द्यावी, तसा हा प्रकार!

श्वासनलिकेभोंवतीं स्नायूंचें वेष्टण असतें. दम्यांत तें आवळतें व जीव घाबरा होतो. या स्नायूंवरहि तेच ग्राहक असल्याचें दीपक देशपांडे, स्टीफन लिगेट प्रभृति संशोधकांनीं 2010 सालीं प्रसिद्ध केलें. कडू पदार्थानें पेशींतील कॅल्शियम वाढे. त्यामुळें स्नायु आवळेल, अशी अटकळ होती. झालें उलट! क्विनीनसारख्या कडू द्रव्यांनीं तो सैल पडला. दमेकरी उंदरांना अशीं द्रव्यें हुंगविल्यावर त्यांचाहि श्वास मोकळा झाला.

हें वाचून मी एक मूर्खपणा केला. खडूच्या धुळींत आयुष्य गेलेल्या मला दमा आहे. मीं औषधाचा फवारा बाजूस ठेवून कडुनिंबाचा रस आरंभिला. तिसऱ्या रात्रीं उठून बसावें लागलें, शब्द फुटेना. डॉक्टरांनीं आधीं फवारा दिला, मग समजावलें, “गुरुजी, रस अन्ननलिकेनें पोटांत जातो, श्वासनलिकेच्या स्नायूपर्यंत तो पोंचणार कसा?” आयुष्यभर मुलांना या दोन नलिका फळ्यावर वेगळ्या काढून दाखविणारा मी निरुत्तर झालों.

म्हणून विनंति एवढीच : पाडव्यास कडुनिंब अवश्य खावा, परंतु तो दम्याचें औषध नव्हे. त्याचा रस नाकांत घालण्याचें धाडस तर मुळींच करूं नये. घरांतील दमेकऱ्याचा फवारा मात्र हाताशीं असूं द्यावा.