ब्राउझरमधून दूरच्या फाईलीची दुरुस्ती

एखाद्या जुन्या ग्रंथालयाचें संकेतस्थळ पुण्याहून चालविलें जावें, आणि तें ज्या यंत्रावर प्रत्यक्ष ठेवलेलें आहे तें यंत्र मात्र सिंगापूर किंवा फ्रँकफुर्ट येथें असावें, ह्यांत आज कोणास नवल वाटत नाहीं. डेटाबेसचा पासवर्ड बदलण्याची वेळ आली, तर ग्रंथालयाचे चिटणीस घरीं बसूनच ब्राउझर उघडतात, यंत्र भाड्यानें देणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण-पटलांत शिरतात, 'फाईल मॅनेजर'मधून एक फाईल निवडतात, तींतील एक शब्द बदलतात आणि 'सेव्ह' दाबतात. काम दोन मिनिटांचें खरें. परंतु तेवढ्यांत सगळें संकेतस्थळ मालवून टाकण्याचें सामर्थ्यहि त्या एका कळींत असतें.

ही फाईल कोणती, हें प्रथम पाहिलें पाहिजे. असंख्य संकेतस्थळें ज्या 'वर्डप्रेस' प्रणालीवर चालतात, ती मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनीं २००३ सालीं पुढें आणली. तिचे सारे लेख, वाचकांचे अभिप्राय व सभासदांचीं नांवें डेटाबेसमध्यें असतात. त्या कोठाराची किल्ली 'डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपी' ह्या लहानशा फाईलींत ठेवलेली असते: कोठाराचें नांव, वापरणाऱ्याचें नांव, त्याचा पासवर्ड आणि कोठार ज्या यंत्रावर आहे त्याचा पत्ता. कोणी वाचक एखादें पान मागतो, तेव्हां ही फाईल अगदीं आरंभीं वाचली जाते. तींत चूक असेल, तर पुढचें कांहींच चालत नाहीं.

ब्राउझरमध्यें ही फाईल 'उघडते', तेव्हां दूरची फाईल हातांत आली असा भास होतो. वस्तुतः तसें घडत नाहीं. दूरचें यंत्र फाईलींतील मजकुराची एक नक्कल पाठवितें. ती ब्राउझरच्या चौकटींत दिसते, आणि सर्व खाडाखोड त्या नकलेवरच चालते. 'सेव्ह' दाबतांच संपूर्ण मजकूर परत जातो व जुन्या फाईलीच्या जागीं बसतो. म्हणूनच दोघांनीं एकाच वेळीं तीच फाईल उघडली, तर पुष्कळदां मागाहून जतन करणाराचा मजकूर टिकतो आणि पहिल्याची दुरुस्ती पुसली जाते. मध्यंतरीं लॉगिनची मुदत संपली, तर तासभराचे श्रमहि वायां जाऊं शकतात.

चुका होतात त्या फार क्षुल्लक. पीएचपी भाषेंत प्रत्येक विधानाच्या शेवटीं अर्धविराम लागतो. तो एक गळला, कीं वाचकाच्या पडद्यावर कोरें पान किंवा '५००' ह्या आंकड्याची चूक येते. शब्दलेखनाच्या प्रोग्रॅममधून मजकूर उचलून आणला, तर त्यांतील वळणदार अवतरणचिन्हें पीएचपीला अवतरणचिन्हें वाटतच नाहींत. त्याहून फसवी चूक डोळ्यांना न दिसणारी. कांहीं संपादक फाईलीच्या अगदीं आरंभीं तीन बाइटांची एक खूण घालतात. ती खूण पुष्कळदां ब्राउझरकडे आधींच निघून जाते, आणि लॉगिनसाठीं लागणारी 'कुकी' पाठविण्याची वेळ टळते. मग पान तर दिसतें, पण चिटणिसांना आंत मात्र जातां येत नाहीं! फाईल नुसती वाचून हा दोष कधींच सांपडावयाचा नाहीं.

कोणत्या दारानें आंत शिरावें, ह्यालाहि महत्त्व आहे. वर्डप्रेसच्या स्वतःच्या व्यवस्थापन-पानांत थीम व प्लगिन यांच्या फाईली सुधारण्याचा संपादक असतो; कांहीं प्लगिन कॉन्फिग फाईलहि तेथेंच उघडून देतात. पण ह्या मार्गानें ती फाईल बिघडली, तर तें व्यवस्थापन-पानहि तिच्याबरोबरच बंद पडतें. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविण्याचाच हा प्रकार. कंपनीचें नियंत्रण-पटल वर्डप्रेसच्या बाहेर उभें असतें, म्हणून संकेतस्थळ कोसळलें तरी तेथून दुरुस्ती होते. नोव्हेंबर २०१७ मध्यें आलेल्या वर्डप्रेस ४.९ पासून आंतला संपादक चालू थीम-प्लगिनमधील घातक चूक ओळखून बदल मागें घेऊं लागला. तथापि चोरट्याच्या हातीं लॉगिन पडल्यास तोच संपादक त्याचें हत्यार होतो. जाणते लोक कॉन्फिग फाईलींत 'डिसअलाउ_फाईल_एडिट' ही ओळ घालून तो बंदच करतात.

बदलापूर्वीं जुनी प्रत राखावी, असें सर्वच सांगतात. ती कोठें राखावी, हें फार थोडे सांगतात. मूळ फाईलीचा पत्ता कोणी ब्राउझरमध्यें टाकला, तर सर्व्हर ती चालवितो, दाखवीत नाहीं. परक्याला कोरेंच पान दिसतें. पण तिची प्रत शेवटीं '.बॅक' असें जोडून त्याच ठिकाणीं ठेवली, तर सर्व्हरला तो साधा मजकूर वाटण्याचा संभव असतो, आणि पासवर्डासकट सारी किल्ली मागेल त्याला मिळते. अशा प्रती धुंडाळीत फिरणारे यांत्रिक प्रोग्रॅम जगभर अहोरात्र चालू असतात. प्रत आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी, किंवा 'पब्लिक_एचटीएमएल' ह्या फोल्डराच्या बाहेर ठेवावी. मूळ फाईलीचें नांव बदलून जागा मोकळी सोडणें तर त्याहून वाईट. फाईल सांपडली नाहीं, कीं वर्डप्रेस नव्या मांडणीचें पान दाखवितें, आणि तें भरून कोणी परका आपलाच डेटाबेस तेथें जोडूं शकतो.

चिटणिसांनीं आधीं डेटाबेसमधील पासवर्ड बदलावा आणि लागलीच तोच फाईलींत लिहावा. मधल्या क्षणीं डेटाबेसशीं संबंध जुळत नसल्याची सूचना वाचकांना दिसेल, तिला भिण्याचें कारण नाहीं. फाईल जतन केल्यावरहि ती दिसत राहिली, तर मात्र चारही नोंदी पुन्हां ताडून पाहाव्या. संपादकाची खिडकी तूर्त उघडीच ठेवावी. दुसऱ्या, लॉगिन न केलेल्या खिडकींत मुखपृष्ठ व एखादा जुना लेख उघडून पाहावा, मग तेथेंच आपलें नांव घालून आंत शिरून पाहावें. तें साधलें, कीं पहिली खिडकी बंद करण्यास हरकत नाहीं.