चाळणी परीक्षा म्हणजे स्पर्धा नव्हे
रशियातून एमबीबीएस करून अमरावतीला परतलेल्या मुलाला ‘एफएमजीई’ (परदेशी पदवीधरांची चाळणी परीक्षा) द्यावी लागते. अनेक पालक तिला ‘नीट’सारखी स्पर्धा समजतात. कापसाच्या सरकारी खरेदीत ओलावा मर्यादेत असला की माल घेतात, शेजारच्या गाडीशी तुलना होत नाही, तसेच इथे. ३०० पैकी १५० गुण मिळवणारे सगळे उत्तीर्ण. त्यामुळे अकोल्याच्या शासकीय महाविद्यालयात शिकलेल्या कोणाचीही जागा जात नाही.

२०१९च्या कायद्याने परदेशात आणि भारतात शिकलेल्या दोघांसाठी एकच ‘नेक्स्ट’ (परवान्याची सामाईक परीक्षा) ठरवली. ती लागू झाली, असे समजून मुले धास्तावतात. प्रत्यक्षात २०२३मध्ये ती पुढे ढकलली गेली. आणि चाळणीतून पार पडले तरी लगेच दवाखान्याची पाटी लावता येत नाही: आंतरवासिता (रुग्णालयातील उमेदवारी) पूर्ण करून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे कायम नोंदणी करावी लागते.