भट्टीतून सुटलेला वायू भिंतीत

बडोद्याच्या दक्षिणेस, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ वसलेले तरसाली आज आमच्या पणजी-पर्वरीहून फारसे निराळे दिसत नाही. जिकडे पाहावे तिकडे सिमेंट! या सिमेंटची किंमत आपण पोत्यावर मोजतो. हवेला पडणारी किंमत कोणाच्याच हिशेबात नसते.

शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड आकाशात जातो. भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. जगातील या वायूच्या एकूण उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के भाग सिमेंटचा आहे आणि सिमेंटच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो.

सुटलेला वायू पुन्हा बांधकामातच कोंडण्याची विद्या आता प्रयोगशाळेबाहेर येत आहे. तिचे तत्त्व आपल्या पूर्वजांच्या हाताखालचेच होते. शिंपले भाजून केलेला चुना भिंतीत बसल्यावर हवेतील हाच वायू शोषून वर्षानुवर्षे घट्ट होत असे. नव्या रीतीत ताज्या ठोकळ्यांना बंद खोलीत हा वायू पाजतात. काही तासांत त्याचे खनिज बनते आणि ते सहजी उडून जात नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सिमेंट उद्योगासाठी पाच प्रायोगिक प्रकल्प जाहीर केले. त्यांत मुंबईची आयआयटी आहे, तशीच गोव्यातील बिट्स पिलानीही आहे, याचा आम्हांस आनंद वाटतो.

तथापि उत्साहाच्या भरात दोन गोष्टी विसरून चालणार नाही. काँक्रीटमधील क्षारता लोखंडी सळ्यांचे गंजण्यापासून रक्षण करते. हा वायू तीच क्षारता घटवितो. खाऱ्या वाऱ्याने सळ्या आधीच पोखरणाऱ्या किनारपट्टीवर ही चूक घरे पाडील. म्हणून सळ्या नसलेले ठोकळे आणि फरसबंदी येथूनच आरंभ व्हावा. दुसरे असे की, ताज्या काँक्रीटमध्ये मिसळलेला वायू सिमेंट करताना सुटलेल्या वायूच्या मानाने अल्पच असतो. तेवढ्यावर 'हरित' अशी पाटी लावून सिमेंटची उधळपट्टी करणे ही निव्वळ धूळफेक ठरेल. आधी सिमेंट जपून वापरावे, मग उरलेल्याचा वायू कोंडावा, हाच क्रम योग्य.

सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन स्थापिले ते विद्या आणि हातकाम यांची सांगड घालण्यासाठी. त्या परंपरेच्या वारसांनी अशा ठोकळ्यांची कसोटी घ्यावी आणि नगरपालिकांनी पदपथांच्या निविदांत शोषलेल्या वायूचे मोजमाप मागावे. तरसाली असो वा ताळगाव, सार्वजनिक पैशाने बसणाऱ्या प्रत्येक फरशीचा हा हिशेब मागण्याचा नागरिकांना अधिकार आहे. तो त्यांनी बजावावा, एवढेच आमचे सांगणे.