छप्पर, माळा आणि हिवाळा

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात एक चमत्कारिक दृश्य पाहावयास मिळते. बाहेर पारा शून्याखाली असतो. तरीही काही घरांच्या छपरांवरील बर्फ वितळू लागतो. ते पाणी ओघळत वळचणीपाशी येते आणि तेथे, खाली उबदार खोली नसल्यामुळे, पुन्हा गोठते. हळूहळू बर्फाचा बांध तयार होतो. त्यामागे तुंबलेले पाणी घरात झिरपते. घरमालक छपराला दोष देतो. पण दोष बहुधा माळ्यात असतो.

खोलीचे छत आणि वरचे उतरते छप्पर यांमधील पोकळी म्हणजे हा माळा. छताच्या वरच्या अंगास काचतंतूंच्या लोकरीचा थर पसरलेला असतो. उष्णता अडविण्याचे काम खरे पाहता काच करीत नाही. तंतूंमध्ये कोंडलेली निश्चल हवा करते. थर ओला झाला की हा गुण उणावतो.

१९७३ नंतर तेल महागले, तेव्हा लोकांचे लक्ष या थराकडे वळले. कॅनडाच्या सरकारने १९७७ ते १९८६ या काळात त्यासाठी अनुदानही दिले. परंतु थर जाड केला की माळा अधिक थंड पडतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. स्वयंपाक, स्नान, आपला श्वास यांतून निघालेली वाफ दिव्यांभोवतीच्या व नळांलगतच्या फटींतून उबदार हवेबरोबर वर जाते. छपराच्या थंडगार फळ्यांना स्पर्श होताच तिचे दव किंवा हिमकण बनतात. असे वारंवार होत राहिले की लाकूड कुजते.

म्हणून माळ्यात हवा खेळती ठेवावयाची. बाहेरची कोरडी हवा वळचणीतील झरोक्यांतून आत येते व आढ्यालगतच्या फटीतून दमटपणा घेऊन बाहेर पडते. छताच्या क्षेत्रफळाच्या किमान १/३०० इतके झरोके असावेत, असा तिकडे सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे १०० चौरस मीटर छतास सुमारे एक-तृतीयांश चौरस मीटर. उत्साहाच्या भरात लोकर वळचणीपर्यंत ठासून भरली, तर हेच झरोके बुजतात! उलट, छतातील फटी न बुजविता केवळ आढ्यापाशी भोके वाढविली, तर घरातील ऊबच वर ओढली जाते. तेव्हा आधी फटी बुजवाव्यात, मग थर घालावा, आणि वळचणीची वाट मोकळी ठेवावी.

हिमवर्षावानंतरच्या सकाळी अनुभवी कारागीर शिडी लावण्यापूर्वी रस्त्यावरूनच छपरे न्याहाळतो. शेजारच्या छपरांवर बर्फ तसाच असताना जेथे तो अधूनमधून विरलेला दिसतो, तेथे खालून ऊब निसटत असल्याचा संशय तो घेतो.